मासा पाण्यात, वाटण डब्यात

मला सातवा महिना लागला तेव्हा बाबा अलिबागहून लंडनला, आमच्या हॅरोच्या घरी आले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आमच्याकडची रीत. पण माहेरी आई उरली नव्हती आणि मला नोकरी सोडून जाता येत नव्हतं, म्हणून बाबांनी माहेरच बॅगेत भरून आणलं: आमसुलं, घरचा लाल मसाला, डिंकाचे लाडू आणि दोन नारळ. नारळ इथेही मिळतात म्हटलं, तर म्हणाले, "मिळत असतील."

आल्या दिवशीच त्यांनी विचारलं, "डोहाळे कसले लागलेत?" मी बेसावधपणे खरं सांगून टाकलं. ताज्या माशाचं कालवण. झालं. आई असती तर तिने जे केलं असतं, त्यातलं काही म्हणजे काही राहू द्यायचं नाही, असं ते घरूनच ठरवून आले होते. इल्फर्डहून मागवलेल्या पापलेटाचा कल्ला उचलून त्यांनी आत पाहिलं आणि म्हणाले, "याचं वर्षश्राद्धही उरकलेलं दिसतंय."

मग त्यांचं लक्ष माझ्या नवऱ्याकडे गेलं. तो इंग्रज. आठवडाभर ब्रॅकनेलला कॉम्प्युटरसमोर बसतो आणि सुट्टी मिळाली की डेव्हनमधल्या एका नदीवर सी ट्राउट नावाचे मासे धरायला जातो. "जावई चार वर्षं मासे धरतायत आणि घरात एक खवला नाही?" बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं. "तू कधी सोबत गेली आहेस का?"

तर सप्टेंबरमध्ये आम्ही तिघं निघालो. गाडीत नवऱ्याने नियम सांगितला: या दिवसांत नर लागला तर एक घरी नेता येतो, मादी मात्र जागच्या जागी सोडायची. बाबा मागे झोपले होते. त्यांना उठवून हे सांगावं, असं मला वाटलं नाही.

नदीजवळ सुट्टीपुरत्या घेतलेल्या भाड्याच्या घरात पोचल्याबरोबर बाबांनी एक नारळ फोडला, वाटण केलं आणि डबा भरून नदीवर घेतला. मासा हाती आला की तिथेच कापून लावायचं, ताजेपणा दवडायचा नाही. माशाचं डोकं कालवणात घालावं की नाही यावरून वाटेत आमचं वाजलंही. बाजारात तुरी, दुसरं काय.

काठावर मी घडीच्या खुर्चीत बसले. सी ट्राउट फार लाजरा, उजेड कमी होईपर्यंत हलत नाही, अगदी कुजबुजत बोलायचं, असं नवऱ्याने सांगितलं. "मग कधी येणार?" बाबांनी खाडीपलीकडच्या होडीला हाक मारावी तशा आवाजात विचारलं. दोरीच्या टोकाला किडा नसून पिसांची खोटी माशी आहे हे कळल्यावर त्यांची जावयाबद्दलची काळजी आणखी वाढली.

ऊन उतरलं आणि गळाची काठी वाकली. नवरा कमरेएवढ्या पाण्यात उभा, बराच वेळ ओढाताण, आणि शेवटी जाळ्यात हातभर लांब, चांदीसारखा लखलखीत मासा. बाबांनी डब्याचं झाकण काढलं.

नवरा जाळं पाण्यातच धरून म्हणाला, "ओ डिअर. इट्स अ हेन."

"मादी आहे," मी सांगितलं.

"मग उत्तमच. पोटात गाभोळी असेल."

आता सांगणं भाग होतं. नवरा सांगत गेला, मी मराठीत सांगत गेले. ही इथेच वरच्या ओढ्यात जन्मली. मग समुद्रात गेली, तिथे वाढली. आता अंडी घालायला प्रवाहाच्या उलटी पोहत त्याच ओढ्याला निघालीये. वाटेत धड खातही नाही.

बाबा डबा घेऊन पाण्याच्या कडेला आले आणि जाळ्यात डोकावले.

"म्हणजे पोटुशी आहे," ते म्हणाले. "आणि माहेरी निघालीये."

"हो."

त्यांनी झाकण लावलं आणि बँकेत चाळीस वर्षं वापरलेल्या इंग्रजीत जावयाला म्हणाले, "लीव्ह हर. इमिजिएटली." पुढचं मराठीत होतं. "एवढं माहीत असून तिच्या वाटेत दोऱ्या टाकून बसता? लाज नाही वाटत तुम्हाला?"

"बाबा म्हणतात, फार छान मासा आहे," मी नवऱ्याला सांगितलं. त्याने हूक सोडवला. मासा क्षणभर त्याच्या हातात थांबला आणि वरच्या अंगाला निघून गेला.

त्या वाटणात बाबांनी बटाटे घातले. मी तीनदा भात घेतला, आणि ते माझ्याकडे बघत बसले. नंतर त्यांनी जावयाला उगीचच गाडीचं दार नीट लागलंय का बघायला पाठवलं आणि बॅगेतून दुसरा नारळ, तांदूळ आणि एक हिरवा खण काढला.

"तुझ्या आईच्या कपाटात होता. तुझ्यासाठीच ठेवलेला," ते म्हणाले. "पदर पुढे कर."

पदर नव्हता. मी स्वेटरची कड धरली. नारळ आणि खण ठेवून त्यांनी तांदळाची पहिली ओंजळ घातली आणि थांबले.

"किती वेळा घालायची असते गं?"

मला माहीत नव्हतं. सांगणारी आमच्या दोघांकडेही नव्हती. बाबांनी जरा विचार केला, आणि मग पिशवीतले तांदूळ संपेपर्यंत ते ओटी भरत राहिले.