चोवीस तासांचा कॅन

छगनआबा पाटील म्हणजे तापीकाठचे मिरचीवाले बागायतदार. आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातला माणूस दचकावा. पण नंदुरबारच्या लॅबमध्ये शिरताना मात्र त्यांनी बायकोला मुद्दाम पुढे चालू दिलं. तिच्या पिशवीत लघवीचा कॅन होता, आणि पाटलाच्या हाती असली वस्तू शोभते का!

कमलबाईंना पुन्हा मुतखडा झाला होता. एक किडनी आधीच कामातून गेलेली. खडे ऑक्झलेट नावाच्या क्षारामुळे होतात का, हे बघायला डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी मागवली होती. उरलेली किडनी वाचवायची तर आधी कारण सापडायला हवं, असं त्यांनी बजावलं होतं. पण मिरचीची तोडणी चालू, घरी कोण बसणार? कमलबाई कॅन घेऊनच वावरात गेल्या.

लॅबमधल्या मोहिनीताईंनी कॅन हलवून बघितला. तळाशी जेमतेम पेलाभर, तीही गडद. "आजी, एवढीच? यावर रिपोर्टचा भरवसा नाही धरता येणार. सांडली का?"

बाकावरची माणसं वळून बघायला लागली. आबांचे कान तापले. त्यांनी सवयीनं आवाज चढवला, "इनीच सांडी टाकं व्हई! इले काय कळस?"

कमलबाई उलट बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. आज बोलल्या, तेही खाली बघून.

"थेंबबी सांडना नही. तोडनीले गयात का आम्ही बाया दिवसभर पानी पेतसच नही. मिरची गुडघाएवढी, आडोसा कोठे शे? आनि बांधवर तुम्ही बशेल ऱ्हातस."

'मन्ह्या बाया पानीलेबी उठतस नही,' असं आबा गावभर मिशीला पीळ देऊन सांगत आले होते. तोडणारणींचं कौतुक म्हणून! निंबाखाली माठाशेजारी बसून ते राखण करत राहिले, आणि घरची बाई डोळ्यांदेखत तहान गिळत राहिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. मान वर करवेना.

मोहिनीताईंनी नवा कॅन पुढे ठेवला. आबा खालच्या आवाजात म्हणाले,

"सकाय तू वावरमा जाऊ नको. घरच ऱ्हाय."

"मी ऱ्हासू घर," कमलबाई म्हणाल्या. "पन बाकीन्या बायास्नं काय?"