मोठं कोण?

आमची मोठी आत्या उंचीला जेमतेम साडेचार फूट. बाबांची थोरली बहीण म्हणून ती मोठी. बाकी घरातलं शेंडेफळसुद्धा तिच्या डोक्यावरून पलीकडचं बघतं. तिची नोकरी पोरं मोजायची. म्हणजे वस्त्यावस्त्यांतून हिंडायचं, पाच-सहा वर्षांच्या मुलांपुढे चित्रांची कार्डं आणि लाकडी ठोकळे मांडायचे, वीस प्रश्न विचारायचे आणि पोर शाळेसाठी तयार आहे की नाही ते कागदावर उतरवायचं. चौदा गुण मिळाले तर पहिलीत, नाहीतर आणखी एक वर्ष घरी. नियम कडक होता: समजावून सांगायचं नाही आणि ‘का?’ विचारायचं नाही. ‘का’ विचारल्याशिवाय जिच्या घशाखाली घास उतरत नाही, तिला ही नोकरी कुणी दिली कोण जाणे.

त्या वर्षी दगड घासणाऱ्या कामगारांच्या वस्तीत कागद सांभाळायला मीही तिच्यासोबत गेले. एका खोलीत एक चुणचुणीत मुलगी समोर बसली. तिची दहा वर्षांची बहीण दारातच उभी, दप्तर खांद्यावर.

‘‘हिला घेतील ना शाळेत?’’ तिनं विचारलं. ‘‘नाही घेतलं तर हिला सांभाळायला मी घरी बसायचं, असं आई म्हणालीये.’’

धाकटीला तेरा गुण पडले.

संध्याकाळी आत्यानं सगळे कागद घरी जमिनीवर पसरले. वस्तीतल्या बावीसपैकी एकोणीस मुलांचा सातवा प्रश्न चुकला होता. बाकीच्या वस्त्यांमध्ये तो क्वचितच कुणाचा चुकलेला. कार्डावर एक उंच, धिप्पाड तरुण आणि शेजारी कमरेत वाकलेली आजी. यातलं मोठं कोण? एकोणीस जणांनी आजीवर बोट ठेवलं होतं.

‘‘एकोणीस जण एकाच जागी ठेचकाळतात, म्हणजे पोरांचे पाय वाकडे नाहीत,’’ आत्या म्हणाली. ‘‘दगड रस्त्यातच आहे.’’

सकाळी ती परत त्या खोलीत गेली आणि नियम मोडला. ‘‘का गं, आजी मोठी का?’’

धाकटीनं तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘‘आजीच मोठी. तो नुसता उंच आहे.’’

आत्या पोट धरून हसली. परतताना वाटेत मला म्हणाली, ‘‘अकरा वर्षं हे कार्ड दाखवतेय आणि स्वतःला मोठी आत्या म्हणवून घेतेय. अक्कल काय गहाण ठेवली होती मी?’’ मग तिचं तिलाच उमगलं. बाकीच्या वस्त्यांत बालवाड्या होत्या. तिथं मोठा चेंडू, लहान चेंडू असं मुलांकडून घोकून घेतलेलं. इथं बालवाडी नव्हती, त्यामुळे पोरांकडे फक्त घरातली भाषा होती.

ऑफिसात साहेब कुरकुरले. ‘‘बाकीच्यांना जमतं, मग यांनाच का जमू नये? एका वस्तीसाठी प्रश्न बदलायचा का?’’

‘‘राहू दे, साहेब. तुमच्या घरी मोठं कोण?’’

‘‘आई,’’ फायलीतून डोकं वर न काढता साहेब म्हणाले. सहा फुटी माणूस. मग त्यांनी मान वर केली, आत्याकडे पाहिलं आणि सातव्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं बरोबर धरावीत असं लिहून सही ठोकली.

धाकटीला चौदावा गुण मिळाला. ते सांगायला गेलो तेव्हा थोरलीनं एवढंच विचारलं, ‘‘म्हणजे माझी शाळा चालू राहील?’’

मला वाटलं, आता आत्या महिनाभर ही गोष्ट सांगत मिरवणार. तिनं कपाटातून अकरा वर्षांचे जुने कागद काढले आणि आठवडाभर ते चाळत बसली. तेरा गुणांवर अडलेली, आजीवर बोट ठेवलेली एकतीस मुलं निघाली.

‘‘ही पुढच्या वर्षी तरी गेली असतील शाळेत,’’ मी समजूत काढली.

तिनं चष्मा काढून पदराला पुसला. ‘‘ही गेली असतील गं. पण यांच्या मोठ्या बहिणींचं काय झालं असेल?’’