सोजरमावशीचा भंडारा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भागीदाराला नाही. आई आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी बसून सांगावं असं एकदा अगदी ओठावर आलं होतं, पण तिनं पाणी मागितलं, मी उठलो, आणि ते राहून गेलं. राहून गेलं कसलं — राहू दिलं. आज तुम्हाला सांगतोय. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही म्हणूनच बहुतेक जीभ उचलतेय.

लोक मला सुरुवातीबद्दल विचारतात. सत्काराला बोलावतात, शाल घालतात आणि म्हणतात, सांगा, दुष्काळी भागातला रेडिओ दुरुस्त करणारा पोरगा कारखानदार कसा झाला? मग मी सांगतो. इतक्या वेळा सांगितलंय की आता झोपेतही सांगीन. त्यातलं सगळं खरं आहे, एवढं लक्षात ठेवा. मी काही पदरचं घातलेलं नाही. फक्त एक माणूस त्यातनं उचलून बाजूला ठेवलंय.

आमचं गाव अणदूरच्या पलीकडं, कच्च्या रस्त्यावर. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी शाळकरी होतो. आई खडी फोडायला जायची आणि तिच्या शेजारी बसून फोडायची सोजरमावशी. मावशी म्हणजे रक्ताची नव्हे, भिंतीला भिंत लागून घर. नवरा सोलापूरला मिलमध्ये, सणावाराला यायचा. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, आणि तोंडानं — अरे बापरे! मुकादमाला सुद्धा ‘मेल्या’ म्हणून हाक मारायची आणि तो ओ द्यायचा. दुष्काळी कामावर खायला सुकडी मिळायची, सरकारी पौष्टिक खाऊ. आपल्या वाट्याची सुकडी ती पदरात बांधून आणायची आणि माझ्या हातावर ठेवून म्हणायची, ‘खा बापू, डोस्कं चालाय पायजे.’ त्या सुकडीची चव अजून जिभेवर आहे. खवट होती खरं म्हणजे. पण आता ती कुठं मिळते का, सांगा?

खंडोबावर तिची लई भक्ती. दर रविवारी अणदूरला चालत जाणार, कपाळभर भंडारा लावून येणार, आणि येताना चिमूटभर माझ्यासाठी पदराच्या टोकाला बांधून आणणार. परीक्षेला जाताना माझं कपाळ पिवळं असायचं. वर्गातली पोरं ‘हळदीचा नवरा’ म्हणून चिडवायची. मी पुसून टाकायचो, आणि घरी यायच्या आत पुन्हा हळद लावायचो.

पुढं मी लोहाऱ्याला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. बाजारपेठेच्या अंगाला, एसटी थांबते त्याच्या समोर. काय दिवस होते! दुकानात कायम कुणीतरी बसलेलं, रेडिओला कान लावून. दुरुस्त करायला आणलेला रेडिओ दुरुस्त झाला तरी लोक नेत नसत — इथंच बरा ऐकू येतो म्हणायचे. त्याच सुमाराला गावोगाव दूध सोसायट्या निघत होत्या. पाऊस दगा देई, ज्वारी दगा देई, पण म्हैस होती तोवर चूल पेटत होती. पहाटे डेअरीच्या ओट्यावर बायकांची रांग लागायची. हातात किटल्या, डोक्यावरनं पदर, आणि सगळ्या गावाच्या बातम्या त्या रांगेत. दुधातला फॅट अ‍ॅसिड घालून, नळ्या हातानं गरगर फिरवून तपासायचे. सेक्रेटरीचे हात भाजायचे. आणि रोज भांडणं, की माझा फॅट कमी कसा लागला.

तिथं माझ्या डोक्यात आलं — दुधातनं उजेड सोडला तर? दाट दूध उजेड कमी जाऊ देईल, पातळ जास्त. सोपं वाटतं ना आता? त्यासाठी मी दोन वर्षं घालवली. पत्र्याचा डबा, बॅटरीचा बल्ब, जुन्या रेडिओतला काटा. आणि त्याला ताजं दूध कुणी दिलं असेल? सोजरमावशीनं. मी गावी राहायला आलो की धार काढून थेट माझ्या पुढ्यात किटली ठेवायची. फेस असलेलं, कोमट दूध. ‘पाज तुझ्या डब्याला,’ म्हणायची. ‘मी पोर पोसलं, आता डबा पोसते.’ त्या मशीनचा काटा मी तिच्या म्हशीच्या दुधावर बसवला. हे सत्कारात मी सांगत नाही. का सांगत नाही ते येतोच सांगायला — जरा दम धरा.

ऐंशीनंतर पुन्हा दुष्काळ आला. विहिरी खरवडून निघाल्या. ज्यांच्याकडं कडबा होता त्यांनी म्हशी घरी ठेवल्या, बाकीच्यांनी बाजार दाखवला. मावशीकडं कडबा नव्हता, पण म्हैस विकायची नाही म्हणाली. तिनं ती जनावरांच्या छावणीत नेली, माळाच्या पार पलीकडं. तिथं जनावरांना उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा पाला, मिळायचं. पहाटे तिथंच धार काढायची आणि किटली घेऊन माळ तुडवत डेअरीवर यायची. आमच्या गावातनं छावणीचं दूध घालणारी ती एकटीच.

आणि मार्गशीर्षात, ऐन थंडीत, माझ्या मशीनचं प्रात्यक्षिक ठरलं. जिल्ह्याहून साहेब लोक आले. मशीन पटलं तर कितीतरी सोसायट्यांना घेणार होते. ओट्यावर सतरंजी, साहेबांना खुर्च्या, मला घाम. बायका एकेक करून पुढं येत होत्या, मी दूध घालत होतो, काटा सरकत होता — फॅट जितका जास्त तितका वर — सेक्रेटरी मोठ्यानं आकडा सांगत होता. सगळं झकास! मग मावशी आली. थंडीनं ओठ काळे पडलेले, तरी माझ्याकडं बघून हसली. लोकांना कोपरानं ढोसून म्हणाली, ‘माझा डबा हाय त्यो.’

काटा हललाच नाही. म्हणजे हलला — पण इतका थोडा की सेक्रेटरीनं माझ्याकडं बघितलं. पुन्हा घातलं. पुन्हा तेच. ‘पाणी घातलंय,’ कुणीतरी म्हणालं. कोण ते मला आठवत नाही, आणि आठवलं तरी काय फरक पडतो? दुधातलं पाणी दाखवणारी काचेची कांडी तिथंच कोनाड्यात होती. ती बुडवली असती तर क्षणात कळलं असतं. पण नवं मशीन आलेलं, जुनी कांडी कोण बुडवणार? साहेब मात्र खूश. चोर डोळ्यांदेखत सापडला! मावशी म्हणाली, ‘साहेब, मशीन चुकतंय.’ तेव्हा साहेबांनी मला विचारलं. आणि मी म्हणालो — मशीन खोटं बोलत नाही.

त्या क्षणी मला तसं वाटतही होतं. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. पुढं ऐका.

त्यांनी तिचं दूध सगळ्यांसमोर ओतून दिलं. दुष्काळात दूध ओतलेलं तुम्ही कधी पाहिलंय? बायका पदर तोंडाशी धरून बघत होत्या. मावशी ओरडली नाही. जिच्या तोंडाला मुकादम भ्यायचा ती बाई नुसती म्हणाली, ‘मी भंडारा उचलते.’ आमच्याकडं हा शेवटचा शब्द. खंडोबासमोर भंडारा उचलून जो बोलेल त्याच्यापुढं कोर्ट नाही. पण देव तेव्हा अणदूरला नव्हता. आमचा देव थंडीत नळदुर्गाला जातो — मूर्ती एकच, गावं दोन, दोन्हीकडं पाळीनं राहतो. म्हातारी माणसं म्हणाली, देव तिकडं पाहुणा गेलाय, आपली भांडणं पाहुण्याच्या दारात कशाला न्यायची? घरी आल्यावर बघू. तोवर सोजरचं दूध बंद.

म्हणजे मला मुदत मिळाली होती. देव परत येईपर्यंतची. आणि त्या मुदतीत मला कळलं. मी छावणीत तिला भेटायला गेलो होतो — लाजेनं का होईना, गेलो होतो. तिनं जुनी ओळख मोडली नाही, बाटलीत दूध घालून दिलं. ‘चहाला ने,’ म्हणाली. लोहाऱ्याला पोचेतो ते थंडगार झालं. दुकानात सहज दुसऱ्या मशीनमध्ये घातलं. काटा खाली. मग चहासाठी ते कोमट केलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा घातलं. काटा वर! तेच दूध. तीच बाटली. थंडीनं दुधातली साय गोळा होऊन बसते आणि उजेड आरपार जातो — एवढंच होतं. गावातल्या बायकांचं दूध घरनं ओट्यावर येईतो कोमट राहायचं. तिचं माळावरनं गारठून यायचं. मी काटा बसवला तोही तिच्याच कोमट दुधावर. मला ते सुचायला नको होतं का?

चहा तसाच राहिला. मी उठून एसटी धरायला हवी होती. समोरच तर थांबत होती! पण साहेबांचा होकार आला होता. मशीन चुकतं हे एकदा बाहेर पडलं की संपलंच, असं मी स्वतःला सांगितलं. आधी नव्या मशीनमध्ये दूध गरम करायची सोय करू, मग सांगू. सोय मी केली. गरम पाण्याचं भांडं खाली बसवलं, आणि ‘सुधारित मॉडेल’ म्हणून विकलं.

देव परत आला. अणदूरला हलगी वाजली, भंडारा उधळला, आणि मावशीनं सगळ्यांसमोर मूठ भरून उचलला. ‘माझ्या हातनं थेंबभर पाणी दुधात गेलं असंल तर देवा तूच बघ,’ म्हणाली. मी तिथंच होतो. चपला काढून, हात जोडून, पाचवा-सहावा उभा. खरं तर गावानं तिथं विषय मिटवला. दूध सुरू केलं. मलाही सुटल्यासारखं वाटलं — चला, देवानं निभावलं.

पण होळीच्या सुमाराला छावणीत तिची म्हैस मेली. आजार आला होता, आणखीही जनावरं गेली. त्यांच्याबद्दल कुणी काही बोललं नाही. हिच्याबद्दल बोलले. खोटा भंडारा उचलला, देवानं दाखवलं.

आता ते सांगतो जे सांगायचं होतं. इथवर नुसता गप्प बसलेला माणूस होतो मी. असे पुष्कळ असतात. पण एका दुपारी ती एसटीनं लोहाऱ्याला आली. दुकानात नेहमीची टोळी बसली होती, ती उठून जाईपर्यंत बाकावर बसून राहिली. मग पिशवीतनं किटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. रिकामी. म्हणाली, ‘बापू, तू शिकल्याला हाईस. म्या लई इचार केला. मशीन खोटं बोलत न्हाय, तूच म्हन्लास. मग म्या रातच्याला किटली इसळून ठेवायची, तिच्या बुडाला पानी ऱ्हायलं असंल का रं? म्या न बघता धार काढली असंल का?’

आली ना संधी चालून? दुकानात कुणी नव्हतं. एक शब्द बोलायचा होता — नाही. नाही मावशी, मशीन चुकलं, मी चुकलो. ती मला ‘मेल्या’ म्हणाली असती, कदाचित थोबाडात दिली असती आणि परत जाताना एसटीत सगळ्यांना सांगितलं असतं. आणि देव तिचा तिला परत मिळाला असता.

मी किटली हातात घेतली. आत बघितल्यासारखं केलं. आणि म्हणालो, ‘राहिलं असेल मावशी. तुमच्याकडनं चुकून राहिलं असेल.’

तिनं मान हलवली. मग म्हणाली, ‘मंग भंडारा खोटाच झाला की.’ आणि किटली उचलून गेली.

त्यानंतर ती अणदूरच्या देवळात कधी गेली नाही. रविवारी दार लावून घरात बसायची. आई सांगायची, सोजरला काय झालंय कळत नाही, देवाचं नाव काढलं की उठून जाते. पुढं नवऱ्यानं दुसरी म्हैस घेऊन दिली. मी गावी गेलो की बघायचो — भिंतीवर तिची किटली उपडी घातलेली, पार कोरडी होईपर्यंत उन्हात. वरनं पदरानं पुसायची. बोटं आत फिरवून बघायची. पुन्हा पुसायची.

माझी मशीनं चालली. सोलापूरला शेड टाकली, पुढं पुण्याला कारखाना. प्रत्येक मशीनवर एक ओळ छापलेली असते, माझीच — मशीन खोटं बोलत नाही. लोकांना ती फार आवडते.

सोलापूरच्या शेडच्या पूजेला आई नव्हती, वारली होती. मोठं माणूस म्हणून मी मावशीला आणलं. नवं लुगडं नेसून आली. थकली होती, तरी गाडीत ड्रायव्हरला शिव्या घालत आली, आणि मला वाटलं, विसरली असेल. तिनं नारळ फोडला, मशीनला हळदीकुंकू वाहिलं, पत्र्यावरनं हात फिरवून म्हणाली, ‘माझ्या दुधावर वाढलंय हे!’ सगळे हसले. मग कुणीतरी भंडाऱ्याची वाटी पुढं केली. तिनं हात मागं घेतला. पदरात लपवलाच म्हणा ना.

‘त्यो तू लाव बापू,’ म्हणाली. ‘तुझं मशीन खरं हाय. माझा हात खोटा झालाय.’

सगळे माझ्याकडं बघत होते. मी वाटीतनं चिमूट घेतली आणि मशीनला लावली.