शेपटीखालची टेप

दसऱ्याच्या सुट्टीआधी माझी चारही विमानं सरळ उडत होती. पातळ थर्माकोलची, नाकाला क्लेची गोळी लावलेली. कुरुंदवाडच्या एका शाळेत सातवीला विमान कसं उडतं ते शिकवणं, हे माझं पहिलंच काम. सुट्टीनंतर मुख्याध्यापिका बाईंसमोर प्रात्यक्षिक होतं. ते जमलं तरच वर्ग पुढे चालणार होता.

सुट्टीत विमानं विज्ञानाच्या सरांच्या कपाटात होती. सरांवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. असली खेळणी उडवून कुणी पायलट होत नसतं, असं ते मुलांदेखत म्हणाले होते. तरी मधल्या सुट्टीत येऊन एकेक विमान उलटंसुलटं करून बघायचे.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी पहिलं विमान नाक वर करून हवेत थबकलं आणि शेपटीवर आपटलं. दुसरंही तसंच. मुलं हसली.

"आज उपास हाय वाटतं विमानांचा," सर म्हणाले.

मी विमान उलटं केलं. शेपटीखाली पॅकिंग टेपची रुंद पट्टी होती. चारही विमानांना. इतक्या हलक्या विमानाची शेपूट जड करायला तेवढी पुरते, आणि विज्ञानाच्या शिक्षकाला हे ठाऊक नसेल?

एरवी मी बाईंशी मान वर करून बोलत नाही. त्या दिवशी सरळ जवळ गेले आणि इंग्रजीत सांगितलं, कुणीतरी हे मुद्दाम केलंय, आणि कपाट एकाच माणसाचं आहे. मला राग इंग्रजीतच येतो. सरांना कळू नये, असंही वाटलं असेल.

सरांना सगळं कळलं.

"पूजा केली की, मॅडम. खंडेनवमीला मायक्रोस्कोप पुजला, तराजू पुजला. तुमची विमानंच तेवढी सोडायची व्हय? गंध लावावं तर थर्माकोल खराब होणार. पंखाला हात लावायचा न्हाय म्हणून तुम्हीच पोरांना दम दिलता. मग झेंडू शेपटीला चिकटवला. फुलं निघाली, टेप निघंना."

टेपच्या कडेला एक केशरी पाकळी अडकलेली होती. मघाशी ती मला दिसली नव्हती.

टेप ओढली तर थर्माकोल फाटलं असतं. मी नाकाला आणखी क्ले लावली. विमान सायकल स्टँडपर्यंत तरंगत गेलं, मुलं ओरडत मागे धावली. सरही चार पावलं गेले, मग थांबले.

वर्ग सोमवारपासून चालू ठेवा, बाई म्हणाल्या. सर प्रत्येक तासाला मागच्या बाकावर बसतील, हेही म्हणाल्या, सरांना ऐकू जाईल अशा आवाजात. मदतीला की माझ्यावर लक्ष ठेवायला, हे मी विचारलं नाही. सरांनीही नाही.