गप्प बसलेलं गाव

आमच्या गावात कोणी कोणाला तोंडावर नाही म्हणत नाही. गाव म्हणजे अंधेरी पूर्वेचं, साकीनाक्याच्या अलीकडचं जुनं गावठाण. मेट्रोच्या पुलाखालून एक बोळ आत जातो, आणि तिथं घरं असतील असं बाहेरच्याला वाटतही नाही. आत शिरलं की उतरत्या कौलांची थोडी घरं, एक क्रूस, एक विहीर आणि विहिरीभोवतीचं मैदान. आम्ही कॅथलिक, बोलायला मराठी, स्वभावाला हट्टी. चहूकडे महापालिकेचं राज्य असलं तरी बोळाच्या आत आमचंच चालायचं. गटार कुठून वळवायचं, विहीर कधी उपसायची, सणाला बँड कोणाचा, सगळं क्रूसासमोर बसून ठरायचं.

माझे पपा गावाचे पाटील. ते उभे राहून विचारायचे, "असं करायचं म्हणतो. करायचं ना?" ज्यांना पटलं ते होय म्हणायचे. ज्याला पटलं नाही तो गप्प राहायचा. बस्स. एक घर जरी गप्प राहिलं तरी पपा थोडा वेळ थांबायचे, मान हलवायचे आणि विषय बाजूला ठेवायचे. मग पुढच्या रविवारी मिस्सा आटपली की त्या घरी जाऊन, चहा घेता घेता, काय खुपतंय ते विचारायचे. जगभर असंच चालतं असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

तसं नसतं हे वांद्र्याला वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा कळलं. तिथं जो बोलला नाही तो राजी. 'हरकत नाही', 'हरकत नाही' असं मी दिवसभर टाइप करायचे आणि त्यात गप्प बसलेली माणसं किती असतील याचा विचार कधी केला नाही. दुसऱ्याच्या गावाचं कोण मनावर घेतं?

लग्न होऊन मी बोरिवलीला आले त्यानंतरची ही गोष्ट. विहिरीच्या कठड्यावर एक नोटीस चिकटवलेली दिसली. रस्ता रुंद होणार होता आणि तो मैदानातून, विहिरीवरून जाणार होता. हरकती व सूचना असतील तर लेखी द्याव्यात, किंवा शाळेच्या हॉलमधल्या सुनावणीत मांडाव्यात. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवऱ्या मुलाच्या, मुलीच्या अंघोळीसाठी पाणी आणतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. माझ्यासाठीही आणलं होतं. विहीर गेली तर काय जाणार हे नोटिशीत लिहिलेलं नव्हतं.

मी ऑफिसात बसून एका पानाची हरकत टाइप केली. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी ती पर्समध्ये घेऊन गावात गेले तर क्रूसासमोर बैठक भरलेली. पपा सांगत होते, "साहेब आपला पाहुणा हाय. पाहुण्याच्या तोंडावर नाय बोलायचं नाय. त्यानं विचारलं का सगळ्यांनी गप बसायचं. एवढा गाव गप बसलेला बघून दगडालाही कळंल."

सगळे होय म्हणाले. एक मी सोडून. पण मी लग्न होऊन गेलेली, बैठकीत माझं घर नव्हतं, त्यामुळे माझ्या गप्प राहण्याकडे कोणी पाहिलं नाही. चारचौघांत बापाला शिकवायचं कसं, असा मी विचार केला. घरी सांगेन म्हटलं. घरी आल्यावर पपा खुशीत होते, इस्त्रीचा शर्ट काढून ठेवत होते. मग उद्या सांगेन म्हटलं.

सुनावणीला अख्खं गाव आलं होतं. म्हाताऱ्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. साहेबांनी नकाशा दाखवला आणि विचारलं, "कोणाची काही हरकत?" सगळं गाव हाताची घडी तोंडावर बोट. तशी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. कोणी खोकलंसुद्धा नाही. मी तिसऱ्या रांगेत, पर्सची चेन अर्धी उघडलेली. उठून कागद द्यायला मला चार पावलं लागली असती. पण मी उठले तर पाटलाच्याच मुलीनं गाव फोडलं असं झालं असतं, आणि पपांची मान ताठ होती, ती खाली गेलेली मला बघवली नसती. मीही मूग गिळून बसले. साहेबांनी चष्मा काढला, आभार मानले आणि गेले.

"एक माणूस फुटला नाय," पपा वाटेत म्हणत होते. इतके आनंदात मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलंय.

इतिवृत्ताची प्रत महिन्याभरानं आली. उपस्थितांपैकी कोणीही हरकत घेतली नाही. पपांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "यात छपाईची चूक हाय काय?" मी त्यांना माझ्या वकीलसाहेबांकडे नेलं. ते भले माणूस. म्हणाले, "काका, एक जरी कागद गेला असता ना, एक जरी, तर मला धरायला काहीतरी होतं."

घरी आल्यावर मी पर्समधला कागद काढून टेबलावर ठेवला. का ठेवला, देव जाणे. पपांनी ओळीवर बोट ठेवून सगळा वाचला. "कधी टाइप केला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी घडी होती तशीच घातली आणि बायबलात ठेवला.

जेसीबी आला त्या आठवड्यात गाव क्रूसासमोर जमलं, तर पोलीस आले. जमावबंदी आहे म्हणाले, परवानगी दाखवा. आपल्याच दारात बसायची परवानगी कोणाकडे मागायची हे आम्हाला माहीत नव्हतं. पपांनी घोळक्यासमोर उभं राहून विचारलं, "घरी जायचं ना?" आणि त्या दिवशी पहिल्यांदा सगळं गाव गप्प असतानाही सगळे उठून गेले. त्यानंतर बैठक झाली नाही. उंबराचं पाणी आता बिल्डिंगच्या नळावरून आणतात, बँड मात्र असतो.

मी दर रविवारी जायचे. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी आम्ही दोघं जेवत होतो. मनात कितीतरी दिवस होतं ते विचारलं.

"पपा, त्या कागदासाठी मला माफ केलंस ना?"

त्यांचा हात ताटावर थांबला. ते माझ्याकडे बघत राहिले. मी थांबले, बैठकीत ते थांबायचे तेवढा वेळ. मग त्यांनी आपल्या ताटातली रावसाची मधली तुकडी उचलली, काटा काढला आणि माझ्या ताटात ठेवली. बोलले काहीच नाहीत.

मला रडू आलं, पण मी ती खाल्ली. म्हटलं ठीक आहे. आपली रीत आहे, पुढच्या रविवारी चहा घेता घेता विचारू, काय खुपतंय ते.

पपा गुरुवारी गेले.