अंगण झाडलं त्या दिवशी

मावशीला नावाने हाक मारलेली आम्ही कधी ऐकली नाही. गल्लीतल्या सगळ्यांची ती मावशी होती. खरी मावशी मात्र ती एकट्या पट्टीची. पट्टी हा तिच्या वारलेल्या बहिणीचा मुलगा. शाळेत असताना त्याच्या दप्तरातून कायम लाकडी पट्टी डोकावत असे, म्हणून कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याने हे नाव ठेवलं. पुढे तो नगरपालिकेत आरेखक झाला, शहराचे नकाशे काढू लागला, तरी नाव सुटलं नाही.

मावशी कपडे धुऊन, वाळवून, इस्त्री करून द्यायची. दवाखान्याच्या चादरी, खाणावळीचे टेबलपोस, आमचे सदरे. गिऱ्हाइकाचा कपडा आला की ती आधी कॉलरच्या आतल्या बाजूला रंगीत दोऱ्याचा एक टाका घालायची. ज्याचा त्याचा रंग ठरलेला. तो तिच्या डोक्यात असे, कुठे लिहिलेला नसे. माझा तपकिरी होता. पट्टीच्या सदऱ्यांना मात्र टाका नसे. कुणी विचारलं तर म्हणायची, "घरच्या कपड्याला कसली आलीय खूण? तो काय हरवणार आहे?"

हे सगळं चालायचं आमच्या मागच्या अंगणात. तिथे पूर्वी प्रत्येक घराची वेगळी भिंत होती. आमच्या आधीच्या पिढीने त्या भिंती पाडल्या आणि सगळ्यांचं मिळून एक लांबट अंगण केलं. एका टोकाला पाण्याचा हौद, शेजारी चूल, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मावशीच्या दोऱ्या. उन्हाच्या दिवशी त्या अंगणातून चालायचं म्हणजे ओल्या चादरी अंगावर घेत चालायचं. आतून तिचा आवाज यायचा, "हात पुसू नका रे माझ्या चादरींना!"

पट्टी त्याच अंगणात वाढला. इस्त्रीचं रुंद टेबल संध्याकाळी थंड होत आलं की त्यावर कागद पसरून तो रेघा मारत बसायचा. उबदार लाकडावर कागदाची गुंडाळी होत नाही, असं तो सांगायचा. मावशी लांब बसून बघायची. रेघेतलं तिला कळत नसे, पण रेघ मारताना तो श्वास रोखून धरतो हे तिने पाहिलं होतं. तेवढा वेळ तीही रोखायची.

पालिकेने शहराचा नवा विकास आराखडा करायला घेतला, तेव्हा पट्टीच निरोप घेऊन आला. "मावशी, आमचे साहेब जागा बघायला येणारेत. फोटो काढतील. अंगण जरा मोकळं करून ठेवशील? चांगलं दिसेल."

साहेब येणार, तेही आपल्या पोराचे साहेब. सबंध गल्ली कामाला लागली. दोऱ्या उतरवल्या. चूल उचलून घरात नेली. हौदावर फळी टाकली. इस्त्रीचं टेबल कुलूपवाल्याच्या दुकानात गेलं, तर तो म्हणाला, "आज कुलपांना इस्त्री करतो." त्या दिवशीचे कपडे ओलेच बादल्यांत राहिले. मावशीने अंगण दोनदा झाडलं. साहेब आले, इकडेतिकडे बघून दोन शब्द बोलले आणि निघून गेले. पट्टी गळ्यात कॅमेरा अडकवून आला होता. म्हणाला, "मावशी, मध्ये उभी राहा बरं." ती झाडू हातात घेऊनच उभी राहिली आणि हसली.

आराखड्याचा मसुदा पालिकेच्या सभागृहात भिंतीवर लावला. हरकती आणि सूचना द्यायला महिन्याभराची मुदत होती. आम्ही दुपारी गेलो, मी, कुलूपवाला आणि मावशी. भिंतभर नकाशा, त्यावर पिवळे, हिरवे, निळे तुकडे. लोक आपापलं घर शोधत होते आणि बोट टेकवून गप्प उभे राहत होते. आमची गल्ली मावशीनेच शोधली. ओळखली ती अक्षरावरून.

"हे आमच्या पोराचं अक्षर," ती शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाली. "बघा किती सुबक काढलंय."

बाई म्हणाल्या, "हो की." मग मावशीने ते सुबक अक्षर वाचलं. आमच्या अंगणावर तिरप्या रेघा होत्या आणि त्यावर लिहिलं होतं: रिकामी जागा. प्रस्तावित वाहनतळ.

मावशीने तीनचार वेळा वाचलं. मग ती सूचीकडे गेली, तिथेही तेच. कुलूपवाल्याने खालच्या टिपा वाचून काढल्या. रोजगाराच्या वापरातली जागा घेतली तर पालिकेने बदली जागा द्यायची. रिकामी असेल तर बदली जागा नाही.

"रिकामी कशी?" मावशी म्हणाली. "आपण काय हवेवर कपडे वाळवतो?"

आम्हा दोघांना कळलं होतं, आणि तिला कळायला किती वेळ लागतो हे बघत उभं राहणं फार वाईट होतं.

संध्याकाळी पट्टी आला. मी तिथेच होतो. तिने त्याला बस म्हटलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"पट्टी."

तिने त्याला या नावाने कधीच हाक मारली नव्हती. तो खाली बघत म्हणाला, "साहेबांना बाजाराजवळ वाहनतळ हवाच होता. जागा वापरात दाखवली असती तर फाईल वर्षभर अडकली असती. ते म्हणाले, तुमचीच माणसं आहेत, तुम्ही सांगा. माझी बढतीची वेळ आहे, मावशी. आणि मी तुला वेगळी जागा बघून देणारच होतो. एखादं मशीन घेऊ."

"म्हणजे झाडायला तूच लावलंस."

"आज ना उद्या ती जागा जाणारच होती."

"जाऊ दे ना. पालिका नेते, नेऊ दे. पालिकेला मी हाताने भरवलं नव्हतं."

आम्ही हरकत लिहिली. गल्लीतल्या सगळ्यांनी सह्या केल्या. दवाखान्याने तर चादरी इथेच धुतल्या जातात असं पत्र दिलं. सुनावणीला पट्टीच्या साहेबांच्याही वरचे मोठे साहेब मध्ये बसले होते आणि कोपऱ्यात पट्टी, पुढ्यात फाईल घेऊन. मावशी नीट बोलली. इतकी वर्षं काय काय वाळवलं ते सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि पट्टीकडे हात केला. पट्टीने फाईलमधून फोटो काढून दिला.

साहेबांनी तो आमच्याकडे फिरवून धरला. स्वच्छ झाडलेलं, मोकळं अंगण. एक दोरी नाही, एक चिमटा नाही. मधोमध मावशी, झाडू घेऊन हसणारी.

"या आपणच ना?"

"मीच."

"यात तर काही दिसत नाही."

"साहेब, तुमचे ते साहेब येणार म्हणून आवरलं होतं."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत, त्यांनी फक्त लिहून घेतलं. मावशीने पट्टीकडे पाहिलं. त्याने एकच वाक्य बोलायला हवं होतं, होय, आवरलं होतं, मीच सांगितलं होतं. तो श्वास रोखून बसला होता, रेघ मारताना बसायचा तसा. मावशीने मात्र या वेळी आपला रोखला नाही. हरकत अमान्य झाली.

कुलूपवाला बाहेर येऊन म्हणाला, "केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच."

"गप रे," मावशी म्हणाली. "आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगतोस?"

त्यानंतरच्या रविवारी पट्टी नेहमीसारखा सदऱ्यांचं बोचकं घेऊन आला. आम्हाला वाटलं, आता ती ते रस्त्यावर फेकणार. गल्ली खिडक्यांत उभी होती. तिने ते घेतलं. नीळ दिली, खळ केली, सदरे दोरीवर घातले. वाहनतळाचे लोक अजून यायचे होते. बुधवारी तिने घड्या दारातच त्याच्या हातात दिल्या. इस्त्री नेहमीसारखी, एक सुरकुती नाही.

त्याला बरं वाटलं असावं. वरचा सदरा त्याने उलगडून बघितला. कॉलरच्या आत राखाडी दोऱ्याचा टाका होता. दुसऱ्याला होता, तिसऱ्यालाही होता.

"मावशी, हे काय?"

"गिऱ्हाइकांचे कपडे मिसळतात," ती म्हणाली. "घोटाळा नको."

तो उंबऱ्याबाहेर उभा राहून नखाने टाका उसवू पाहत होता. सगळ्यांना माहीत आहे, तिचा टाका असा उसवत नाही. ती आतून दुहेरी गाठ मारते. मग ती आत गेली, आणि मागच्या अंगणातून ओल्या चादरी झटकल्याचा आवाज येऊ लागला.