रंजना सिस्टरांचा तक्ता

आमच्या गावच्या दवाखान्यातल्या रंजना सिस्टरांइतके उपकार माझ्यावर कुणाचे नाहीत. आज मुलीच्या शाळेत डोळे तपासायचा तक्ता दिसला आणि जानेफळच्या शाळेतल्या त्या रांगेत पुन्हा उभं राहावंसं वाटलं.

पुढच्या पोरांचं ऐकून मी तक्त्यावरची अक्षरं पाठ केली होती. ती धडाधड म्हणताच सिस्टर हसल्या, "आता शेवटून वाच बरं." मला एकही सांगता येईना.

संध्याकाळी त्या घरी आल्या. बाबा म्हणाले, "ढ आहे तो. शाळेतून काढून राह्यलो त्याले."

"ढ काऊन म्हणता? त्याले फळाच दिसत नाही. चष्मा करा."

आठवड्याभरात बाबांनी मला तालुक्याला नेऊन चष्मा करून दिला.

मी बी.ए. झालो तोवर सिस्टरांची बदली झाली होती. नवा पत्ता ठाऊक नव्हता, म्हणून त्यांच्या जुन्या दवाखान्याच्या पत्त्यावरच पत्र लिहिलं, "सिस्टर, मी पास झालो. बाबा म्हणतात, एकदा घरी या. त्या दिवशी तुम्हाला साधं पाणीही विचारलं नव्हतं."